आखाजीची सुनावणी आणि आमचे तायडेदादा

तायडेदादांची आणि माझी पहिली भेट झाली, ती मी त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला गेले तेव्हा. गौरवग्रंथातल्या लेखाला अशी सुरुवात शोभत नाही हे मला कळतं. पण संपादक मंडळींनी "पहिल्या परिचयापासून लिहा" असं बजावलं आणि पहिला परिचय असाच झाला, त्याला मी काय करू!

मी तेव्हा सुरतेत नवागामच्या मराठी शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. जळगावच्या एका सद्गृहस्थांनी शाळेच्या वाचनालयासाठी गोष्टींच्या पुस्तकांचं पार्सल रेल्वेनं पाठवलं. उधना स्टेशनावर ते पोचलं तेव्हा पुस्तकांचा पार लगदा झाला होता. शाळा सुटल्यासुटल्या मी तडक पार्सल ऑफिसात गेले. काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेले एक सडपातळ गृहस्थ बसले होते. तेच श्री. दामोदर तायडे. मी तावातावानं काय काय बोलले ते आता आठवत नाही, आठवू नये हेच बरं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तक्रारवही माझ्यापुढे सरकवली आणि वर स्वतःचं पेन दिलं.

मी पानभर लिहिलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन ते वाचलं आणि म्हणाले, "बाई, राग झकास लिहिलाय. पण तुम्हाला काय विचारायचंय, ते यात कुठे आहे?"

मी पान पुन्हा वरपासून वाचलं. मग ते समजावू लागले, "मी तक्रारी घेणारा माणूस आहे, म्हणून सांगतो. रडून लिहिलं की वरून 'दिलगीर आहोत' असं उत्तर येतं. चिडून लिहिलं की 'चौकशी करू' असं येतं. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायला त्यांना कागद काढावे लागतात. विचारा, हे पार्सल कुठल्या स्टेशनावर उघड्यावर उतरवलं आणि का?"

मी तसं लिहिलं. काही महिन्यांनी भरपाई आली आणि आमच्या वाचनालयात कोरी पुस्तकं आली. त्या तक्रारीपायी दादांना त्यांच्या साहेबांनी चांगलंच फैलावर घेतलं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी सुमनवहिनींकडून, म्हणजे दादांच्या पत्नींकडून कळलं. दादा स्वतः त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत.

पुढे समजलं की हे गृहस्थ आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांचे वडील रेल्वेच्या कामासाठी भुसावळकडून इकडे आले. आम्ही पाटील, धुळ्याकडचे, लूमच्या म्हणजे यंत्रमागाच्या कामासाठी आलो. आमचे हे, म्हणजे माझे यजमान आत्माराम, लूम कारखान्यात मास्टर होते. घरात आम्ही दोघं, मुलं आणि सासू-सासरे. दादा आमच्याकडे यायचे, बसायचे, चहा घ्यायचे. माझ्या सासूबाई मात्र त्यांच्याकडे गेल्या की "आज मना उपास शे" असं सांगून कपाला हात लावत नसत. आठवड्यातले सगळे वार त्यांना उपास असे. कारण विचारायची गरज आम्हाला कधी पडली नाही, आणि दादांनाही नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझा स्वभाव मुळात चिंतेचा. गॅस बंद केला का, हे बघायला मी आजही अर्ध्या रस्त्यातून घरी परत येते. अशा बाईच्या डोक्यावर घराचं कर्ज म्हणजे काय होतं, ते मलाच माहीत. नवागामच्या एका सोसायटीत आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. सासऱ्यांनी गावाकडचं होतं नव्हतं ते विकून सुरुवातीची रक्कम भरली. उरलेलं कर्ज घरांना कर्ज देणाऱ्या एका खाजगी कंपनीकडून काढलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, ती आता राहिलेलीही नाही. तिच्या माणसानं आमच्या ओट्यावर बसून व्याज सांगितलं, हप्ता सांगितला. घराचे मूळ कागद कंपनीच्या तिजोरीत जातील हेही सांगितलं. याशिवाय काही भरावं लागेल, असं तो एका शब्दानं बोलला नाही. आम्ही दाखवेल तिथे सह्या केल्या. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांनी अशाच केल्या.

मग ते प्लेगचं वर्ष आलं. सुरत रिकामी झाली, आम्हीही पोरंबाळं घेऊन गावी पळालो आणि एक हप्ता चुकला. परत आल्यावर हे कंपनीत हिशेब विचारायला गेले, तेव्हा सगळं बाहेर आलं. कागद तपासण्याचा आकार, घराची पाहणी करण्याचा आकार, आमचेच कागद सांभाळण्याचा आकार! हे सगळं आम्हाला न सांगता मुद्दलात मिळवलं होतं आणि त्यावर व्याज चढत होतं. इतकी वर्षं हप्ते भरून मुद्दल जिथल्या तिथे. ह्यांनी जाब विचारला तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "भाई, आ तो रूल छे." पाठोपाठ नोटीस आली की थकलेले आकार मुदतीत भरा, नाहीतर घराच्या ताब्यासाठी कोर्टात जाऊ.

नोटीस मी पुन्हा पुन्हा वाचली. सासऱ्यांना ती दाखवायची नाही असं आम्ही ठरवलं होतं, पण त्यांना कळलीच. तो हिवाळा त्यांनी काढला नाही. त्यांना हृदयाचा त्रास आधीपासून होता. नोटिशीनं ते गेले असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण शेवटच्या दिवसांत त्यांचा एकच घोष होता, "घर जाई का वं? घर जाई का?" मी "नाही जाणार हो" म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

त्यांचे दिवस झाल्यावर मी ती नोटीस घेऊन दादांकडे गेले. त्यांनी ती वाचली आणि पहिलं वाक्य बोलले, "अजून कोणाकोणाला आलीय?"

दादांची काम करण्याची पद्धत मी तेव्हा जवळून पाहिली. रविवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर सगळी कर्जदार घरं जमायची. नवरा-बायको दोघांनी यायचं, हा त्यांचा नियम. कारण कर्ज काढताना काय बोलणं झालं ते पुरुष विसरतात आणि बायका विसरत नाहीत, असं त्यांचं मत होतं. ज्यानं त्यानं आपली हकीकत मोठ्यानं सांगायची. कोणी अहिराणीत सांगे, कोणी मराठीत, तरुण मुलं अर्धं गुजरातीत. दादा मध्येच थांबवून विचारायचे, "हे तुम्ही स्वतः ऐकलं, की शेजाऱ्यानं सांगितलं?" ऐकीव असेल ते गाळायचं. माझं काम ते स्वच्छ मराठीत उतरवायचं, आणि दादा त्याचं इंग्रजी करायचे.

एकदा सुपडूभाऊंच्या बायकोनं सांगितलं की कंपनीचा माणूस गुंड घेऊन दारात आला असं लिहा, म्हणजे वजन येईल. सुपडूभाऊ म्हणजे आमच्या समोरच्या घरातले, लूमवर काम करणारे, अतिशय गरीब स्वभावाचे. दादांनी विचारलं, "आला होता का?"

"नही ऊना," ती म्हणाली. "पन येवाले काय टाइम लागस?"

सगळे हसले. दादाही हसले, पण लिहिलं नाही. म्हणाले, "वहिनी, हे एक वाक्य ते खोटं पाडतील आणि त्याच्या आडोशाला बाकीचं सगळं सोडून देतील. जे घडलंय तेवढंच पुरे आहे."

प्रत्येक तक्रारीच्या शेवटी एकच प्रश्न असे: 'हे आकार कर्जदाराला सही करण्यापूर्वी कोणत्या कागदावर दाखवले होते? तो कागद दाखवावा.' विनंती नाही, शाप नाहीत, "मायबाप सरकार" तर अजिबात नाही. मला ते फारच कोरडं वाटे. मी एकदा हळूच सासऱ्यांच्या मरणाची एक ओळ घातली होती. दादांनी ती दोनदा वाचली आणि मग म्हणाले, "बाई, ही ओळ त्यांच्या फायलीत टाकण्याइतकी स्वस्त नाही." मी ती काढली.

आम्ही पहिल्यांदा तक्रारी मुंबईच्या एका कार्यालयात पाठवल्या. तिथून त्या परत आल्या की ही कंपनी आमच्या अखत्यारीत नाही. नोटिशीची मुदत पळत होती. दादांनी मात्र ते परतीचं पत्र नीट घडी घालून ठेवलं. "आता दिल्लीला पाठवू. घरकर्जाच्या कंपन्यांवर देखरेख करणारं ऑफिस तिथे आहे. आणि मुंबईनं 'आमचं काम नाही' म्हटलंय हे जोडून देऊ, म्हणजे दिल्लीला तसं म्हणता येणार नाही." दिल्लीला तक्रारी पोचल्याचं पत्र आलं तसं कंपनीनंही जरा सबुरीनं घेतलं, पण नोटीस काही मागे घेतली नाही. रोज शाळेतून येताना मी लांबूनच आमच्या दाराकडे बघायची, कुलूप-सील तर लागलं नाही ना! कोणी लावायचं म्हटलं तरी आत सासूबाई बसलेल्या असत; पण भीतीला कुठे अक्कल असते?

आणि एके दिवशी दिल्लीचं पत्र आलं. एक अधिकारी सुरतेला येऊन कंपनीच्या रिंग रोडवरच्या ऑफिसात सुनावणी घेणार. तक्रारदारांनी स्वतः हजर राहावं, गैरहजर राहणाऱ्यांची तक्रार निकालात काढली जाईल. तारीख दिली होती आणि ती मान्य असल्याचं उलटटपाली कळवायला सांगितलं होतं. दादांनी त्याच दिवशी 'आम्ही सर्व हजर राहू' असं रजिस्टर्ड पत्र टाकून दिलं. एक दिवसही फुकट घालवायचा नाही, हा त्यांचा खाक्या.

रविवारी त्यांनी ओट्यावर ते पत्र मोठ्या आनंदानं वाचून दाखवलं. तारीख ऐकली आणि सगळी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. शेवटी माझ्या सासूबाईच बोलल्या, "आरे भाऊ, त्या दिनले ते आखाजी शे!"

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षाही मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्या दिवशी घरातून गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, पितर म्हणून एका माणसाला बोलावून पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण घालतात. त्या दिवसांत आमचं नवागाम ओस पडतं. लूम बंद, गाड्या भरभरून सगळे तापीकाठानं वर आपापल्या गावी. आणि ज्याच्या घरी वर्षभरात कोणी गेलेलं असेल, त्याची ती पहिली घागर. ती गावच्या घरीच भरायची. त्याला फाटा नाही. आमच्या घरात ती पहिली घागर होती.

दादांनी आखाजी पाळणं केव्हाच सोडलं होतं. वडिलांनी धम्म स्वीकारल्यापासून त्यांच्या घरात ते काही होतच नव्हतं. बुद्धपौर्णिमा तोंडपाठ, पण आखाजी त्यांच्या ध्यानातच आली नाही. दिल्लीच्या पत्रात नुसती इंग्रजी तारीख, तीच त्यांनी मान्य करून टाकली. त्या दिवशी मी दादांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. कपाळावरचा चष्मा त्यांनी काढून हातात घेतला आणि तो शर्टाला पुसतच राहिले.

"दुसरी तारीख मागा," कोणी तरी म्हणालं.

"मागू," दादा म्हणाले, "पण ती पावसाळ्याच्या आत मिळणार नाही. आणि नोटिशीची मुदत तोवर थांबणार नाही." मग ते उठून उभे राहिले. "चूक माझी आहे. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

पुढचे दिवस ते कामावरून आले की घरोघर जायचे. दारात उभे राहून हेच सांगायचे, "चूक माझी आहे. पण जमलं तर थांबा." कोणी हो म्हणे, कोणी नुसती मान हलवी. एका घरी त्यांना ऐकवलं गेलं, "तुम्हाला सण नाही, म्हणून आमचा बुडवता का?" त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर दादा त्या दिवशी जेवले नाहीत, असं वहिनींनी मला सांगितलं.

आमच्या घरातही काही कमी नव्हतं. हे म्हणत, थांबू. त्यांचे गावचे भाऊ निरोप धाडत की बापाची पहिली घागर सोडणार का? मी सासूबाईंना विचारायचं धाडस करत नव्हते. घर वाचवायला गेलो तर सासऱ्यांची घागर बुडते, घागर भरायला गेलो तर घर बुडतं. रात्रंदिवस जीव टांगणीला. शाळेत मुलं पाढे म्हणत आणि मी खिडकीबाहेर बघत बसायची.

आखाजीच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंनी ह्यांना हाक मारली. "कुंभारकडथीन नवी घागर लई ये."

"गावले लई जावाले?" ह्यांनी विचारलं.

"गावले काय शे आते?" सासूबाई म्हणाल्या. "त्यास्नं व्हतं नव्हतं ते ईकीसनी हाई घरमा घालं. मरता मरता हाईच घरनं नाव लेत. मंग त्या पानी पेवाले गावले कसाले जातीन? त्यास्नी घागर आठेच भरसुत."

म्हणजे घागर इथेच, नवागामच्या घरी भरायची! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गावाकडे ह्यांच्या भावांनी महिनाभर अबोला धरला, पण त्याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही.

आखाजीच्या सकाळी उजाडताच सासूबाईंनी घागर मांडली, तिच्यावर आंब्यासह करा, म्हणजे छोटं मातीचं भांडं, ठेवला. मी पुरण वाटत होते आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. सुनावणी अकराची. पितर म्हणून ह्यांचे चुलत मामा बसणार होते, पण ते ऐन वेळी गावी निघून गेलेले. मुलानं स्वतः बापाच्या ताटावर बसायचं नसतं, आणि गल्लीत दुसरा पुरुष माणूस दिसेना. ताट वाढून तयार, आणि बसायला कोणी नाही!

तेवढ्यात आम्हाला घाई करायला तायडेदादा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत फाइल. "झालं का? रिक्षा थांबवलीय."

सासूबाईंनी पाट मांडला. "भाऊ, बस."

दादांना आधी कळलंच नाही. मग पाट, ताट, घागर बघून उमजलं. ते हळू आवाजात म्हणाले, "मावशी, मी हे मानत नाही. आणि मी कोण ते तुम्हाला माहीत आहे."

"माले माहीत शे," सासूबाई म्हणाल्या. "तुले मानाले कोन सांगस? जेवाले सांगस. हाई घरनी काळजी त्यास्ना मांगे कोनी कई? तूच ना? मंग तूच बस."

दादांनी फाइल माझ्या हातात दिली, चपला दाराबाहेर काढून आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. खाली मान घालून जेवले. सासूबाईंनी आग्रह करकरून आमरस वाढला आणि त्यांनी नाही म्हटलं नाही. मी मात्र बाहेर रिक्षावाला निघून तर गेला नाही ना, हे बघायला दोनदा दारात गेले. माणसाचा स्वभाव कुठे जातो!

रिंग रोडवर पोचलो तर कंपनीच्या दारात आमच्या गल्लीतलं कोणीही नव्हतं. मॅनेजर हसून म्हणाले, "बेन, आजे तो तमारो मोटो तहेवार छे ने? गाम न गया?" सणाला गावी गेला नाहीत का, हे त्यांनी सहज विचारलं की कसं, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. एवढ्या तक्रारींतून आमचीच एक उरली तर दिल्लीचा माणूस तिला काय किंमत देणार?

आणि मग जिन्यावर बांगड्यांचा आवाज आला. आधी सुपडूभाऊ आणि त्यांची बायको. मग आणखी दोघं. मग आणखी. बायका आखाजीच्या नव्या पातळांत, हिरव्या बांगड्या भरलेल्या, एकीच्या हातात डब्यात बांधलेल्या पोळ्या. सगळे नाही आले, पण ऑफिसातल्या खुर्च्या कमी पडल्या इतके आले. जे दादांना दारात टोचून बोलले होते, तेही आले. दिल्लीचे अधिकारी दारात येऊन क्षणभर थबकलेच. त्यांना वाटलं, इथे एखाद्याचं लग्न आहे की काय.

त्यांनी आत बोलावताना एकच गोष्ट सांगितली की फक्त कर्जदारच आत येतील. दादा कर्जदार नव्हते. ते बाहेरच्या स्टुलावर बसले. मी धरून चालले होते की बोलायचं ते दादा बोलतील! मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते इतकंच म्हणाले, "बाई, तुम्हाला प्रश्न पाठ आहे."

आत मॅनेजर सांगत होते की सगळे आकार ग्राहकांना तोंडी समजावले होते. अधिकाऱ्यांनी एकेकाला हिंदीत विचारलं. माझी पाळी आली. सासरे आठवले, सकाळची घागर आठवली. पण मी त्यातलं काही बोलले नाही. एवढंच विचारलं, "सही करने से पहले ये चार्ज मुझे कौनसे कागज पर दिखाए थे? वो कागज आज दिखाइए."

अधिकारी मॅनेजरकडे वळले. मॅनेजरांनी एक फाइल उघडली, दुसरी उघडली, कोणाला तरी हाक मारली. तो कागद नव्हताच, तर निघणार कुठून? अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि आम्हाला जायला सांगितलं. ना हो म्हणाले, ना नाही.

मग सगळा पावसाळा वाट बघण्यात गेला. त्या दिवसांत दादा रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत. बोलायला नवीन काहीच नसे, तरी येत. तापीला पूर येईल का, लूम चालू आहे का, मुलांची परीक्षा केव्हा, असलं काहीबाही बोलून जात. मला एकटीला काळजी करू द्यायची नाही, म्हणून ते येत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आखाजीनंतर चारच दिवसांनी सासूबाई स्वतः उठून त्यांच्या घरी गेल्या होत्या आणि सुमनवहिनींकडे चहा मागून प्यायल्या होत्या. वर "साखर कमी शे" अशी तक्रारही करून आल्या. त्यांचे उपास तेव्हापासून संपले.

पोळ्याच्या सुमारास दिल्लीचं पत्र आलं. न सांगितलेले आकार आमच्या खात्यातून काढावेत, मुद्दल पुन्हा मांडावं आणि नोटीस मागे घ्यावी. मी ते पत्र सासऱ्यांच्या फोटोपुढे वाचलं. "घर नाही गेलं," असं मोठ्यानं म्हणाले.

सगळ्यांचं असं झालं नाही, हेही इथे लिहिलंच पाहिजे. नाहीतर दादा हा ग्रंथ उघडून माझा लेख आधी तपासतील. काहींच्या करारात बारीक अक्षरांत एक ओळ निघाली आणि त्यांना थोडकीच सूट मिळाली. त्यांतल्याच सुपडूभाऊंनी शेवटी घर विकलं आणि ते चलथाणला साखर कारखान्याच्या बाजूला भाड्यानं राहायला गेले. दादा दर वर्षी त्यांच्याकडे जाऊन येतात. त्यांच्यासमोर आमच्या विजयाची गोष्ट कोणी काढली की दादा विषय बदलतात. त्यानंतरही त्यांचा रविवारचा ओटा चालूच राहिला. विजेचं बिल, विम्याचे पैसे, गिरणीची थकलेली देणी, जे येईल ते. पैसा म्हणून कधी घेतला नाही. रजिस्टरचं टपाल मात्र ज्याचं त्यानं लावायचं, कारण त्यांच्या मते स्वतःच्या पैशानं पाठवलेल्या पत्राचा माणूस पाठपुरावा करतो.

त्या आखाजीपासून आमची घागर दर वर्षी नवागामलाच भरते आणि पाटावर तायडेदादाच बसतात. मानत ते आजही नाहीत. पाटावर बसण्याआधी दर वर्षी तसं सांगतातही. सासूबाईंना त्याची इतकी सवय झाली होती की त्याच आधी म्हणायच्या, "माहीत शे, माहीत शे, बस आते." सासूबाई जाऊन आता काही वर्षं झाली. बाईमाणसाच्या ताटावर सवाष्ण बसवायची आमची रीत. पण त्या जाण्याआधी मला जवळ बोलावून सांगून गेल्या, "मना ताटवर बी त्यालेच बसाडजो." तेव्हापासून दादा दोघांच्या नावानं एकाच ताटावर जेवतात.

आज दादा पंचाहत्तर वर्षांचे झाले. साखर वाढलीय, गुडघा दुखतो, डॉक्टरांनी आमरस बंद केलाय. या समारंभाची पत्रिका हातात पडली आणि माझ्या चिंतेच्या स्वभावानं लगेच उचल खाल्ली. गेलेल्या माणसांचं ताट जेवायला जिवंत माणूस लागतो, आणि त्या ताटावर दुसरं कोणी बसलेलं मला बघवणार नाही. दादा देवाला मानत नाहीत, म्हणून मी त्यांच्यासाठी देवाकडे काही मागत नाही. त्यांच्याच पद्धतीनं त्यांनाच एक प्रश्न विचारते, आणि उत्तर त्यांना द्यावं लागेल: दादा, येत्या आखाजीला येणार ना? त्याच्या पुढच्या? आणि त्याच्याही पुढच्या?

तेव्हा गोळ्या वेळेवर घ्या, सकाळचं फिरणं सोडू नका, वहिनींचं ऐका. पुरणात मी साखर कमी घालीन. आणि दर साली दहाच्या आत या. सासूबाईंना ताटाला उशीर झालेला खपत नसे.

— मंगला आत्माराम पाटील, नवागाम, सुरत